कापसाची गासडी आणि स्ट्रॉबेरीची बरणी

हार्बर मार्गावरच्या कॉटन ग्रीन स्थानकाचे नाव वाचून नवख्या माणसाला वाटते, इथे कधीकाळी कापूस पिकत असावा. कापूस इथे पिकला नाही, विकला गेला. आजच्या हॉर्निमन सर्कलच्या जागी पूर्वी मोकळे मैदान होते, त्याला ‘ग्रीन’ म्हणत. तिथे कापसाच्या गासड्यांचे ढीग लागत. १८४४ मध्ये हा बाजार कुलाब्याला हलला आणि १९२० च्या दशकात शिवडीजवळ आला. जागा दोनदा बदलली, पण मैदानाचे नाव बाजारामागोमाग चालत आले.

मी याच भागात वाढलो. त्यामुळे शेतमालाचा विचार करताना माझ्या मनात एक प्रश्न नेहमी येतो : माल कुठे पिकतो हे ठीक, पण तो पक्का कुठे होतो? वऱ्हाड-खानदेशचा शेतकरी कच्चा कापूस देऊन मोकळा होई. त्याचा भाव मुंबईत ठरे आणि कापड मँचेस्टरला किंवा गिरणगावात विणले जाई. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवीच्या काळात भाव कडाडले, तेव्हा मुंबईत इमले उठले. युद्ध संपले, भाव कोसळले, आणि त्या पडझडीची झळ मात्र गावापर्यंत पोहोचली.

गिरणगावातल्या गिरण्यांत आणि गोदी-गोदामांत राबलेल्या माणसांत सातारा जिल्ह्यातली माणसे मोठ्या संख्येने होती. जावळी, पाटणकडच्या डोंगरी गावांतल्या कित्येकांनी इथे माथाडी म्हणून पाठीवर पोती वाहिली. त्यांच्याच मुलखात, महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावर, एका फळाने कापसापेक्षा निराळी वाट धरली. ते फळ म्हणजे स्ट्रॉबेरी.

आज आपण खातो ती स्ट्रॉबेरी मुळात संकरित आहे. फ्रेझिए नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने १७१४ मध्ये चिलीतून मोठ्या फळाची रोपे फ्रान्सला नेली. तिथे उत्तर अमेरिकेच्या जातीशी त्यांचा संकर झाला आणि आजची बागायती स्ट्रॉबेरी जन्मली. सह्याद्रीवर ती आली इंग्रजांमुळे. माल्कमच्या काळात, १८२८ च्या सुमारास, महाबळेश्वर हे थंड हवेचे ठाणे झाले. पुढे पाचगणी वसली. साहेबांच्या बंगल्यांभोवती विलायती भाज्या आणि फळे रुजली. तांबडी माती, थंड रात्री आणि कोरडा हिवाळा स्ट्रॉबेरीला मानवला. पण बराच काळ ती पाहुण्यांच्या ताटातली चैनच राहिली.

याचे कारण फळाच्या स्वभावात आहे. कापसाची गासडी महिनोन्‌महिने गोदामात पडून राहू शकते. स्ट्रॉबेरी तोडली की दोन-तीन दिवसांत मऊ पडते. वाटेत दाबली गेली तर पाणी सोडते. भावासाठी थांबणे तिला ठाऊकच नाही. म्हणून तिच्याबाबत ‘पक्का माल’ करायचा तर तो शेताजवळच करावा लागतो.

त्याची युक्ती आपल्या घरात जुनीच आहे. साखरांबा, मुरांबा, गुळांबा यांचे तत्त्व एकच : साखरेने फळातले पाणी असे बांधून ठेवायचे की जंतूंना ते वापरता येऊ नये. जॅममध्ये विरघळलेल्या घन पदार्थांचे, म्हणजे मुख्यतः साखरेचे, प्रमाण ६५ टक्क्यांच्या वर न्यावे लागते. स्ट्रॉबेरीत घट्टपणा आणणारे पेक्टिन कमी असते, म्हणून लिंबाचा रस किंवा वेगळे पेक्टिन घालतात. घरच्या पातेल्यात होणारे हे काम किशोर व्होरा यांनी १९५९ मध्ये पाचगणीत धंदा म्हणून सुरू केले. ‘महाबळेश्वर प्रॉडक्ट्स’ या शब्दांतून ‘मॅप्रो’ हे नाव आले. कुटुंबाने चालवलेला तो व्यवसाय जॅम, सरबते, क्रश असा वाढत गेला. मालाजसारखी आणखी नावे उभी राहिली, शिवाय घरगुती बरण्या विकणारी कुटुंबेही.

शेतकऱ्याला यातून काय मिळाले? मोठे, देखणे फळ डब्यांत भरून मुंबई-पुण्याला जाते. लहान, वाकडे किंवा हंगामाअखेरचे फळ पूर्वी वाया जाई, त्याला आता गिऱ्हाईक मिळाले. भाव ताज्या फळापेक्षा कमी, पण मातीमोल नाही. २०१० मध्ये महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळाले. देशातल्या उत्पादनाचा सुमारे ८५ टक्के वाटा या भागाचा, असे सांगितले जाते. भिलार हे २०१७ मध्ये पुस्तकांचे गाव झाले, त्याआधीपासून ते स्ट्रॉबेरीचे गाव होते.

तरी हिशेब इथे संपत नाही. मातृरोपे परदेशातून येतात. कॅलिफोर्नियाची चँडलर, फ्लोरिडाची स्वीट चार्ली यांच्या नावांतच ते दिसते. आणि बरणीकडे पाहा. आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार जॅममध्ये किमान ४५ टक्के फळ हवे, पण स्ट्रॉबेरी आणि रास्पबेरीला सूट आहे : २५ टक्के फळ पुरते. म्हणजे लेबलवर स्ट्रॉबेरीचे चित्र असले, तरी आत फळापेक्षा साखर कितीतरी जास्त असू शकते. डोंगरावरची बरणी जितकी साखरेने भरेल, तितका शेतकऱ्याचा वाटा आटेल.

म्हणून पठारावरच्या छोट्या कुटुंबांनी कमी साखर आणि जास्त फळ घालून केलेल्या जॅमला मी निव्वळ चोखंदळांची चैन मानत नाही. असा जॅम महाग पडतो, लवकर संपवावा लागतो, मोठ्या दुकानांच्या फळीवर त्याला जागा मिळणे कठीण. पण त्यात शेताचा वाटा अधिक असतो. कॉटन ग्रीनच्या बाजारात गासडी आली तेव्हा तिच्यावर पिकवणाऱ्याच्या गावाचे नाव असले, तरी भावावर त्याचा हात नव्हता. बरणीवर गावाचे नाव आता आले आहे. प्रश्न आतल्या फळाचा आहे, आणि त्याचे उत्तर विकत घेणाऱ्याने लेबलची मागची बाजू वाचण्यापासून सुरू होते.