पाळीव प्रार्थनाकीटक : कात आणि वाढ

प्रार्थनाकीटकाचे बाह्य कवच ताणले जात नाही, त्यामुळे त्याची वाढ कात टाकूनच होते. या कीटकात कोशावस्था नाही. अंड्यातून निघालेले पिल्लू पंख सोडले तर मोठ्या कीटकासारखेच दिसते. प्रौढ होईपर्यंत ते साधारण सहा ते नऊ वेळा कात टाकते. मादीला नरापेक्षा बहुधा एखादी कात जास्त लागते. ऊब आणि खाणे भरपूर असेल तर दोन कातींमधले अंतर कमी होते. भारत व श्रीलंकेत आढळणारी हिएरोड्युला मेम्ब्रेनेशिया ही मोठी हिरवी जात जगभर पाळली जाते.

या वाढीचे गणित पाळलेल्या कीटकांवरूनच मांडले गेले. व्हिएन्नातील प्राणिशास्त्रज्ञ हान्स प्शिब्राम आणि त्यांचे सहकारी फ्रांझ मेगुशार यांनी आफ्रिकी प्रार्थनाकीटक वाढवून त्यांची मापे 1912 मध्ये प्रसिद्ध केली. दर कातीला वजन दुप्पट आणि लांबी सुमारे 1.26 पट होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. सगळ्या जातींना तो तंतोतंत लागू पडत नाही, पण ढोबळ अंदाजाला आजही उपयोगी आहे.

कात जवळ आली की कीटक खाणे सोडतो आणि छताला उलटा लटकून स्तब्ध राहतो. शेवटच्या कातीआधी पाठीवरचे पंखांकुर फुगलेले दिसतात. मग वक्षाच्या पाठीवर चीर पडते व मऊ, फिकट शरीर स्वतःच्या भाराने खाली सरकू लागते. लांबसडक मिशा आणि पाय न तुटता सोडवणे हा यातला सर्वांत नाजूक भाग. टाकलेली कात उजेडात धरून पाहावी : आत पांढरे बारीक धागे लोंबत असतात. ते श्वासनलिकांचे अस्तर. तेही दर वेळी नवे होते. तुटलेला पायही पुढच्या कातींमधून पुन्हा उगवतो, मात्र कात शिल्लक असेल तरच.

पाळलेले कीटक दगावतात ते बरेचदा याच वेळी, आणि त्यातले पुष्कळ मृत्यू टाळता येण्याजोगे असतात. पेटीची उंची कीटकाच्या लांबीच्या निदान तिप्पट हवी. छताला जाळी हवी, कारण गुळगुळीत काचेवर पकड सुटते आणि मऊ अंगाने पडलेला कीटक कायमचा वाकडा होतो. हवा फार कोरडी असली तर कात अंगाला चिकटून बसते. पाण्याचा हलका फवारा त्यासाठीच मारतात. आत राहिलेला रातकिडा मऊ कीटकाला कुरतडू शकतो, म्हणून तो आधीच काढावा. लटकलेल्या कीटकाला हात लावू नये, पेटी हलवू नये आणि कात टाकल्यावर निदान एक दिवस खाणे देऊ नये.

शेवटच्या कातीनंतर पंख पसरून वाळतात. त्यानंतर प्रार्थनाकीटक वाढत नाही आणि पुन्हा कातही टाकत नाही.