अलबेल्याची तमिळ वाट

'भोली सूरत' हे गाणे आपल्या गावावर रचलेले आहे, असा आम्हा मुलांचा लहानपणी पक्का समज होता. उधन्याच्या आमच्या चाळीत रेडिओवर ते लागले की आम्ही अंगणात धावत येत असू. सिनेमातल्या लोकांनाही सुरत ठाऊक आहे, याचा केवढा अभिमान! पुढे शाळेत ऱ्हस्व-दीर्घाचा अभ्यास सुरू झाला आणि गाव ऱ्हस्व, चेहरा दीर्घ, हे कळल्यावर माझा थोडा हिरमोड झाला. गाणे मात्र डोक्यातून गेले नाही.

त्याच गाण्यावर मी दोन वर्षांपूर्वी काट मारली.

मी येथील एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात मुख्याध्यापक आहे. आमच्या मुलांपैकी बहुतेकांची घरची बोली अहिराणी, शाळेची भाषा मराठी, बाजाराची गुजराती आणि करमणुकीची हिंदी. पटावर मुले घटत चालली आहेत, ही चिंता सीमेवरच्या वाचकांना सांगायला नको. त्यामुळे स्नेहसंमेलनाच्या कार्यक्रमपत्रिकेकडे मी जरा जास्तच करड्या नजरेने पाहतो. नववीतल्या एका मुलाने नाचासाठी 'भोली सूरत' दिले होते. एक तर हिंदी, त्यात विनोदी. मी शिसपेन्सिलीने ते खोडले आणि समास मोकळा होता म्हणून 'थिल्लर' असा शेराही मारला. मुलगा पद्मशाली विणकराचा, घरी तेलुगू बोलणारा, आजोळ सोलापूरचे. तो खोलीत आला आणि म्हणाला, "सर, आजोबा सांगतात, नाचणारा मराठी, गाणारा मराठी, चालही मराठी माणसाची. मग हे आपलं कसं नाही?"

मला उत्तर देता आले नाही. इतिहास शिकवणाऱ्या माणसाने निदान दप्तर तपासून पाहावे, म्हणून या दोन माणसांमागे लागलो. नाचणारे भगवान आबाजी पालव, म्हणजे आपले भगवानदादा. गाणारे आणि चाल बांधणारे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, मित्रमंडळींचे अण्णा. नवल वाटले ते याचे, की दोघांची जोडी मराठीत जमली नाही आणि हिंदीतही नाही. ती जमली तमिळ चित्रपटात.

चितळकरांचा जन्म १२ जानेवारी १९१८ चा, अहमदनगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा. गाणे शिकले पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांच्या हाताखाली, गांधर्व महाविद्यालयात. पण सिनेमात आले ते नट म्हणून. १९३५ च्या 'नागानंद'मध्ये नायकाची भूमिका मिळाली आणि चित्रपट चालला नाही. त्या चित्रपटाचे दिग्दर्शक होते वाय. व्ही. राव, नेल्लोरकडचे. याच रावांनी पुढे १९३७ साली 'चिंतामणी' हा तमिळ चित्रपट काढला आणि तो अफाट चालला. म्हणजे पुणतांब्याच्या या मुलाचे पहिले बोट दक्षिणेतल्या माणसानेच धरले होते. नायक म्हणून नाव बुडाल्यावर चितळकर सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मुव्हिटोनमध्ये गेले आणि तेथे हार्मोनियम वाजवू लागले. उस्ताद संगीतकारांच्या मागे बसून वाजवायचे, ऐकायचे आणि शिकायचे.

भगवानदादा १९१३ चे, गिरणी कामगाराचे पोर. शाळा अर्धवट, तालमीचे वेड आणि मूकपटाच्या जमान्यापासून स्टुडिओच्या दारात उभे राहण्याची चिकाटी. मारामारीचे, साहसाचे, स्वस्तातले चित्रपट हे त्यांचे क्षेत्र. असे चित्रपट पाहणारा प्रेक्षक गिरणीतून सुटलेला, लूमवरून उतरलेला. माझे वडील त्यातलेच. ताप्ती व्हॅलीच्या गाडीने खानदेशातून सुरतेला आले आणि रात्रपाळी नसली की पडद्यासमोर अगदी पुढे जाऊन बसत. दादांचे नाव घेतले की त्यांचा चेहरा उजळे.

आता तमिळ का, हा प्रश्न. याचे उत्तर त्या काळच्या कारखानदारीत आहे. बोलपट आला तेव्हा ध्वनिमुद्रणाची यंत्रसामग्री मुंबई-कलकत्त्यास होती, मद्रासला नव्हती. पहिला तमिळ बोलपट 'कालिदास' हा १९३१ साली मुंबईच्या इंपीरियलमध्ये तयार झाला, ज्या कंपनीने 'आलम आरा' काढला तिच्याच. आपल्या प्रभातने १९३४ मध्ये 'सीता कल्याणम्' हा तमिळ चित्रपट दिला. त्याचे दिग्दर्शक होते बाबूराव पेंढारकर. मद्रासला स्टुडिओ उभे राहिल्यावरही ही ये-जा काही वर्षे सुरू होती. कापडासारखाच हा व्यवहार. सूत एका गावचे, माग दुसऱ्या गावचा आणि लुगडे तिसरीकडे नेसायचे. सुरतकरांना यात काही वावगे वाटणार नाही.

अशा बाजारात १९३९-४० च्या सुमारास 'जयक्कोडी' आणि १९४१ मध्ये 'वनमोहिनी' या दोन तमिळ चित्रपटांना चितळकरांनी संगीत दिले. संगीतकार म्हणून हीच त्यांची पहिली कामे. 'वनमोहिनी'चे दिग्दर्शक भगवानदादा. नायक एम. के. राधा, नायिका सिलोनकडची तवमणी देवी. इंग्रजी चित्रपटांवरून उचललेला जंगलचा मामला, त्यात एक हत्ती, आणि नायिकेचा वेष असा की त्या काळी भुवया उंचावल्या असणारच. दिग्दर्शक अठ्ठावीस वर्षांचा, संगीतकार तेविशीचा. दोघांपैकी कोणीही ती भाषा बोलत वाढलेला नाही.

येथे मी थोडा थांबतो, कारण माझ्या मते पुढचे सगळे येथे ठरले. ज्याला भाषा येत नाही त्याला शब्दाच्या अर्थावर टेकता येत नाही. विनोद करायचा तर अंगाने करावा लागतो. खांदा, कोपर, मान, पावले हेच त्याचे बोलणे. चाल बांधायची तर ती कानाला परक्या अक्षरांवर उभी राहिली पाहिजे. ठेका इतका स्वच्छ हवा की शब्द कळला नाही तरी पाय हलावा. हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण 'अलबेला'तले भगवानदादा आवाज बंद करून पाहावेत, आणि चितळकरांची गाणी भाषा न येणाऱ्या मुलापुढे लावावीत. मी दोन्ही करून पाहिले आहे.

'सुखी जीवन' हा १९४२ चा हिंदी चित्रपट पुन्हा भगवानदादांचाच, आणि तेथून चितळकरांचे हिंदीत बस्तान बसले. एकाच माणसाची किती नावे! राम चितळकर, श्यामू, अण्णासाहेब, गाताना नुसते चितळकर आणि संगीतकार म्हणून सी. रामचंद्र. हे शेवटचे नाव मला नेहमी मद्रासी वळणाचे वाटत आले आहे. १९४७ च्या 'शहनाई'तले रविवारचे गाणे घरोघरी गेले, आणि १९४९ च्या 'पतंगा'त शमशाद बेगमबरोबर त्यांनी गायलेले रंगूनच्या टेलिफोनचे गाणे तर आजही लग्नाच्या वरातीत ऐकू येते. या गाण्यांनी अभिरुची बिघडवली, असे तेव्हाचे शिष्ट लोक म्हणत. माझा शेरा त्याच जातीचा, एवढेच.

मग १९५१ चा 'अलबेला'. स्टंटपट पुरे झाले, आता सामाजिक चित्रपट काढा, असे राज कपूरनी सुचवले असे सांगतात. निर्माता, दिग्दर्शक, नायक सगळे भगवानदादाच. जोडीला गीता बाली. गीते राजेंद्र कृष्ण यांची. दादांच्या तोंडी आवाज चितळकरांचा, आणि तो काही सुरेल गवयाचा नव्हे. गल्लीतल्या हुशार पोराचा आहे. म्हणूनच तो त्या अंगाला शोभला. वाद्यमेळात गोव्याची मंडळी होती. हळदोण्याचे आंतोनियु शावियेर वाझ, ज्यांना जग चिक चॉकलेट म्हणून ओळखते, ते ट्रम्पेटवाले आपल्या ताफ्यासह पडद्यावरही दिसतात. दोन वर्षांनी, १९५३ साली, हाच 'अलबेला' 'नल्ल पिळ्ळै' या नावाने तमिळमध्ये उतरवला गेला. तमिळमध्ये आरंभ केलेल्या जोडीची ही परतफेडच.

चितळकरांची तमिळशी गाठ मात्र सुटली नाही. १९५५ चा 'आझाद' हा कोईमतूरच्या पक्षिराजा स्टुडिओच्या श्रीरामुलू नायडूंचा, त्यांच्याच 'मलैक्कळ्ळन्' या तमिळ चित्रपटावरून केलेला. नायडूंना सगळी गाणी महिन्याभरात हवी होती; नौशादांनी नकार दिला, चितळकरांनी होकार दिला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. जेमिनीच्या एस. एस. वासन यांचा 'इन्सानियत' त्याच वर्षीचा, 'पैगाम' १९५९ चा. मधल्या १९५८ सालच्या 'वंजिक्कोट्टै वालिबन्' या तमिळ चित्रपटात वैजयंतीमाला आणि पद्मिनी यांची नृत्याची जुगलबंदी आहे. पी. लीला आणि जिक्की यांनी ती गायली. तमिळ माणसाला नृत्यगीत विचारा, पहिल्या पाचांत तो हे सांगेल. आणि चाल पुणतांब्याच्या माणसाची, हे सांगितल्यास क्षणभर विश्वास ठेवणार नाही. आमच्या शाळेशेजारच्या इडलीवाल्याने ठेवला नव्हता.

१९५७ च्या 'आशा'तले 'ईना मीना डीका' तर आपल्या सीमाभागातल्या घरांनी तसबीर करून लावावे असे आहे. बडबडगीताचा आरंभ मुलांच्या खेळातल्या गण्यावरून सुचला आणि पुढे गोव्याचे साहाय्यक जॉन गोम्स यांनी त्यात चक्क 'मला नको' या अर्थाचे कोकणी शब्द घुसडले, असे सांगितले जाते. दिग्दर्शक एम. व्ही. रामन् दक्षिणेचे, नायिका वैजयंतीमाला दक्षिणेची, गायक किशोरकुमार बंगाली, संगीतकार मराठी. आणि अर्थ काही नाही!

मराठीसाठी काय केले, असा प्रश्न आमच्या शिक्षक-खोलीत लगेच आला. गदिमांचे 'गीतगोपाळ' चितळकरांच्या चालींत आहे. १९६६ चा 'धनंजय', १९७० चे 'घरकुल' आहे. 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्र आहे. पसारा लहान आहे, हे मी मान्य करतो. मराठी चित्रपटाने त्यांना अधिक बोलावले नाही की त्यांनी मराठीकडे कमी पाहिले, यावर खोलीत वाद झाला आणि मधल्या सुट्टीची घंटा वाजली. ज्यांच्यासाठी देश रडला ते १९६३ च्या जानेवारीतले दिल्लीचे गीत, प्रदीपजींचे आणि लताबाईंनी गायलेले, त्याचीही चाल त्यांचीच. रविवारचे ते गाणे आणि हे गीत एकाच हार्मोनियमवर बसले, हे मला फार मोठे वाटते. ५ जानेवारी १९८२ रोजी अण्णा गेले.

भगवानदादांचे उत्तरायुष्य सांगताना हात आखडतो. 'झमेला' (१९५३) पूर्वीच्या उंचीला पोचला नाही. मग 'हंसते रहना'मध्ये होते नव्हते ते घातले आणि चित्रपट पुरा झाला नाही. जुहूचा बंगला गेला, गाड्या गेल्या. दादा पुन्हा चाळीत राहायला आले आणि पुढची कित्येक वर्षे दुसऱ्यांच्या चित्रपटांत घोळक्यात उभे राहून, कोणी सांगितले की तीच जुनी पावले टाकत राहिले. तमिळमध्ये जे. पी. चंद्रबाबू नावाचा असाच अवलिया होऊन गेला. विनोदी नट, स्वतःची गाणी स्वतः गाणारा, विलायती ठेक्यावर नाचणारा. एम. जी. आर. यांना घेऊन त्याने स्वतःचा चित्रपट काढायला घेतला, तो अर्ध्यावर राहिला, पैसा बुडाला आणि १९७४ साली वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी तो गेला. विनोदी नटाने मालक व्हायचे ठरवले की नशीब दोन्हीकडे सारखेच वागले. फरक इतकाच, की दादांना आयुष्य लांब मिळाले. ४ फेब्रुवारी २००२ पर्यंत ते चाळीतून खाली येऊन गणपतीत नाचणाऱ्या पोरांना आपली पावले नाचताना पाहत होते. २०१६ मध्ये त्यांच्यावर 'एक अलबेला' हा मराठी चित्रपट निघाला, मंगेश देसाई यांनी दादा उभे केले. आमच्या मुलांनी तो पाहिला होता. मी पाहिला नव्हता.

त्या वर्षी संमेलन झाले, गाणे झाले नाही. काट मारलेला कागद नोटीस बोर्डावर तसाच राहिला. गेल्या डिसेंबरात मी मुलाला बोलावून घेतले. तो आता दहावीत होता, प्रिलिमची तयारी चालू होती, तरी हो म्हणाला. आजोबा पहिल्या रांगेत बसले होते, त्यांच्या शेजारी एक रिकामी खुर्ची होती तेथे मी जाऊन बसलो. मुलाचे पाय बरे होते, खांदे मात्र थेट दादांचे. आजोबा तेलुगूत काहीतरी पुटपुटले. मला कळले नाही, मी विचारलेही नाही.

पत्रिकेवर मी या वेळी पूर्ण नावे घालून दिली होती: रामचंद्र नरहर चितळकर, पुणतांबे, भगवान आबाजी पालव, मुंबई. आमच्या क्लार्कने टंकताना नावे बरोबर घेतली, गाण्यात मात्र 'सुरत' ऱ्हस्व काढली. छापील प्रत माझ्यासमोर सहीला आली तेव्हा लाल पेन हातातच होते. मी तशीच सही केली.