जुन्या हिंदी चित्रपटगीतांच्या रसिकांचे मेळावे : साधनदृष्ट्या विचार

(१) जुन्या हिंदी चित्रपटगीतांचे रसिक प्रसंगोपात्त कोठें तरी एकत्र जमतात, त्यासाठीं दूरदूरचा प्रवास करितात, आणि एकदोन दिवस गाणीं ऐकून व ऐकवून आपापल्या गांवीं परत जातात, ही गोष्ट बहुतेकांस ठाऊक आहे. हा निव्वळ शौकाचा प्रकार समजून इतिहाससंशोधकांनीं त्याची फारशी दखल घेतलेली दिसत नाहीं. आमचें म्हणणें असें कीं, या मेळाव्यांत जें काम घडतें तें आपल्या ओळखीचेंच आहे. विखुरलेल्या प्रती एके ठिकाणीं आणणें, त्या ताडून पाहणें, पाठभेद टिपणें, आणि अस्सल कोणती व नक्कल कोणती याचा निवाडा करणें, हेंच तें काम होय. हस्तलिखितांच्या संग्राहकांस त्याची माहिती असावी व त्यांनीं त्यास हातभार लावावा, एवढ्याचसाठीं हें टिपण लिहिलें आहे.

(२) प्रथम साधनाचें स्वरूप पाहूं. नोव्हेंबर १९०२ मध्यें ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गाइसबर्ग यानें कलकत्त्यास गौहरजान हिचीं गाणीं मुद्रित केलीं. त्या वेळीं तबकड्या या देशांत तयार होत नसत. मूळ मुद्रणें जर्मनींत हॅनोव्हर येथें जात व तबकड्या तेथून छापून येत. तेथील कारागिरांस गाणारी व्यक्ति कोण हें कळावें म्हणून गाणें संपतांच गायिका आपलें नांव इंग्रजींत सांगत असे. लेखकानें पोथीच्या शेवटीं पुष्पिका लिहावी त्यांतलाच हा प्रकार. १९०८ सालीं कलकत्त्यांत सियालदह येथें कारखाना निघाला. पुढें ही चाल हळूहळू मोडली, आणि ओळख पटविण्याचा भार दोन गोष्टींवर पडला. एक, तबकडीच्या मध्यभागीं चिकटविलेली कागदी चकती. दुसरी, चकतीभोंवतींच्या कोऱ्या लाखेंत उमटलेला साच्याचा क्रमांक. चकती मागाहून बदलतां येते, क्रमांक सहसा बदलत नाहीं. जाणता संग्राहक तबकडी हातीं येतांच ती दिव्याकडे तिरपी धरून प्रथम हा क्रमांक वाचतो, त्याचें कारण हेंच.

(३) १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहांत अर्देशिर इराणी यांचा ‘आलम आरा’ हा पहिला हिंदी बोलपट प्रकाशित झाला. त्यांत सात गाणीं होतीं. त्यांच्या तबकड्या निघाल्या नाहींत, आणि बोलपटाची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. ज्या गीतांपासून या सबंध परंपरेचा आरंभ होतो तीं गीतें मूळ रूपांत ऐकण्याचा मार्गच खुंटला आहे. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ सालीं झाली. तोंपर्यंत आरंभींच्या काळांतील पुष्कळ बोलपट नामशेष झाले होते. पुढें ८ जानेवारी २००३ रोजीं पुण्यांतच, प्रभातच्या जुन्या आवारांत ठेविलेल्या नायट्रेटच्या रिळांस आग लागून शेंकडों चित्रपटांचीं रिळें जळालीं. याप्रमाणें जेथें चित्रपट नाहीं तेथें तबकडी हाच पुरावा; तबकडी नाहीं तेथें चित्रपटगृहाच्या दारांत अल्प किंमतीस विकली जाणारी पदांची चोपडी; आणि चोपडीहि नाहीं तेथें ज्यानें तें गाणें कानांनीं ऐकलें त्याची आठवण. हीं तिन्ही साधनें आज खाजगी घरांतून विखुरलेलीं आहेत. एकाच्या घरीं तबकडी, दुसऱ्याच्या घरीं चोपडी, आणि आठवण असलेला वृद्ध गृहस्थ तिसऱ्याच गांवीं, अशी स्थिति आहे.

(४) हीं साधनें परस्परांशीं ताडून पाहण्याची गरज काय, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें. १९३० नंतरच्या दशकांत चित्रपटांतील गाणें व तबकडीवरील गाणें हीं पुष्कळदां वेगवेगळ्या वेळीं गाऊन मुद्रित केलेलीं असत. पडद्यावरील गाणें प्रसंगानुरूप लांब किंवा तुटक असे. दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारें तीन मिनिटांत संपे, म्हणून तेंच गाणें त्या मापांत बसवावें लागे. त्यांत कडवीं गळत, शब्द बदलत, क्वचित् गळाहि बदले. सबब एकाच गीताचे दोन पाठ होतात, व दोन्ही आपापल्या जागीं अस्सल असतात. १९३५ सालच्या न्यू थिएटर्सच्या ‘धूप छाँव’ पासून पार्श्वगायनाची पद्धत रूढ होऊं लागली, आणि पडद्यावर ओंठ हलविणारा एक व गाणारा दुसरा, असा भेद उत्पन्न झाला. तबकडीच्या चकतीवर कित्येकदां गायकाऐवजीं चित्रपटांतील पात्राचेंच नांव छापीत. याचें सर्वांस ठाऊक असलेलें उदाहरण ‘महल’ (१९४९) या चित्रपटाचें. लता मंगेशकर यांनीं गाइलेल्या त्यांतील प्रसिद्ध गीताच्या तबकडीवर ‘कामिनी’ हें नायिकेच्या भूमिकेचें नांव छापलें होतें. जिच्या नांवाचा पुढें एवढा गाजावाजा झाला तिची जर ही गत, तर चारदोन गाणीं गाऊन मागें पडलेल्या गायकगायिकांचें काय झालें असेल याचा तर्क वाचकांनींच करावा. अशा कित्येकांची ओळख आजहि केवळ कोणा श्रोत्याच्या कानावर अवलंबून आहे.

(५) आतां हे रसिक एकमेकांस भेटले कसे, याचा थोडा इतिहास सांगणें अवश्य आहे. १९५२ सालीं डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्र सरकारांत माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. हे मूळचे पुण्याचे, व शास्त्रीय संगीताचे कट्टर अभिमानी. त्यांच्या धोरणामुळें आकाशवाणीवरून चित्रपटगीतें जवळजवळ नाहींशीं झालीं, आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. डिसेंबर १९५२ मध्यें त्या केंद्रावरून अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. सकाळीं जुन्या चित्रपटांच्या गाण्यांचा कार्यक्रम होई व त्याचा शेवट कुंदनलाल सैगल यांच्या गीतानें करण्याचा प्रघात पडला. सैगल १९४७ च्या जानेवारींत निवर्तले होते. तथापि त्यांचा स्वर ऐकून घड्याळांत आठ वाजल्याची खूण पटविणारीं कुटुंबें पुढें कित्येक वर्षें होतीं. ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं आकाशवाणीनें विविध भारती सुरू करून आपलें धोरण बदललें. या केंद्रांवरून गाणें लावण्यापूर्वीं फर्माइश करणाराचें नांव व गांव वाचून दाखवीत. तत्कालीन बिहारांतील, सध्यांच्या झारखंडांतील, झुमरी तलैया हें अभ्रकाच्या खाणींचें गांव याच कारणानें देशभर प्रसिद्धीस आलें. जें गांव नकाशांत शोधूनहि सांपडूं नये, त्याचें नांव घराघरांत रोज ऐकूं येऊं लागलें.

त्या वाचनाचा एक अकल्पित परिणाम झाला. आपल्यासारखीच आवड असलेला मनुष्य अमुक गांवीं आहे, हें दूरच्या श्रोत्यास कळूं लागलें. ठिकठिकाणीं श्रोत्यांचे संघ निघाले, पत्रव्यवहार जुळला, आणि पत्रामागून प्रवास आला. ग्रँड कॉर्ड मार्गावरील कोडरमा स्थानकावर उतरून झुमरी तलैया पाहून येणारे रसिक या ओढीनेंच गेले. संप्रदायाचा वारकरी ज्या भावानें क्षेत्रास जातो तोच भाव येथें आहे. मात्र येथील वारकऱ्याच्या पडशींत पुराव्याचीं साधनें असतात, हा विशेष.

(६) हा प्रवास सोपा नव्हे. लाखेची तबकडी काचेसारखी ठिसूळ असते. ती आडवी रचून वर ओझें ठेविल्यास फुटते, उन्हांत राहिल्यास वांकते. म्हणून तबकड्या कागदी पाकिटांत घालून, पेटींत उभ्या रचून, मध्यें जुनीं वर्तमानपत्रें अगर कापड दाटून न्याव्या लागतात. पन्नास तबकड्यांचें वजन सुमारें १० किलो भरतें. अशी पेटी आगगाडींत पायांजवळ घेऊन रात्र बसून काढणारीं माणसें आहेत. एवढ्या यातायातीचें प्रयोजन असें कीं, पुष्कळ तबकड्यांची माहीत असलेली प्रत एकुलती असते व ती टपालानें पाठविण्यास मालक धजत नाहीं. पोथीच्या मालकाविषयींहि आपला अनुभव हाच आहे.

परंतु पोथीहून तबकडीची एक गोष्ट निराळी आहे, व तिजकडे आम्ही विशेष लक्ष वेधूं इच्छितों. पोथी शंभरदां वाचली तरी जपून हाताळल्यास तिचें अक्षर झिजत नाहीं. लाखेच्या तबकडीवर पोलादी सुई प्रत्येक वेळीं कांहीं ना कांहीं घासून नेते. तबकडी जितकी लोकप्रिय तितकी ती झिजलेली, व जी कोणीच ऐकली नाहीं तीच कोरी राहिलेली, असा प्रकार संग्रहांत नेहमीं दिसतो. सबब ऐकणें म्हणजेच कांहीं अंशीं नष्ट करणें होय. मेळाव्यांत दुर्मिळ तबकडी लावली जाते ती पुष्कळदां एकदांच. त्याच वेळीं तिची नक्कल उतरून घेतात. त्या तीन मिनिटांत खोलींत कोणी बोलत नाहीं.

नक्कल करतांना गतीचीहि खबरदारी घ्यावी लागते. तबकडी मिनिटास ७८ फेऱ्यांनीं फिरावी असा पुढें प्रघात ठरला, परंतु प्रारंभींचीं मुद्रणें सर्व या गतीचीं नाहींत. ७८ ऐवजीं ८२-८३ फेऱ्या झाल्यास पांढरी एकचा सूर काळी एकवर चढतो, आणि गायकाचा आवाज नसता कोवळा वाटूं लागतो. मेळाव्यांत एखादा पेटीवाला अगर गवई असला तर तो ही चूक तत्काळ ओळखतो. घरीं एकटा बसून ऐकणारा वर्षानुवर्षें चुकीचाच सूर खरा मानून चालतो.

(७) या खटपटीतून जें स्थायी काम झालें त्याचीं दोन उदाहरणें देतों. कानपूर येथील हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांनीं ‘हिंदी फिल्म गीत कोश’ या नांवानें दशकवार खंड सिद्ध केले. त्यांत प्रत्येक चित्रपटाच्या नांवापुढें कंपनी, दिग्दर्शक, कलावंत, संगीतकार व गीतकार देऊन, गाण्यांचीं पहिलीं चरणें, गायक व तबकड्यांचे क्रमांक नोंदविले आहेत. १९५१ ते १९६० या दशकाचा खंड प्रथम, १९८० सालीं, निघाला. १९३१ ते १९४० चा पहिला खंड १९८८ त प्रसिद्ध झाला. काळ जितका मागचा तितका साधनांचा शोध बिकट, हें या क्रमावरूनहि दिसून येईल. दुसरें उदाहरण मुंबईचें. तेथें १९९० सालीं ध्वनिमुद्रिका-संग्राहकांची ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था स्थापन झाली व १९९१ पासून तिनें ‘द रेकॉर्ड न्यूज’ हें नियतकालिक काढिलें. त्यांत तबकड्यांच्या याद्या व कलावंतांचीं चरित्रें येऊं लागलीं. आपल्या त्रैमासिकांतून बाडांच्या याद्या याव्यात तसेंच हें काम.

महाराष्ट्राचा या विषयाशीं संबंध केवळ रसिकतेचा नाहीं. प्रभात कंपनीनें ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत काढला. ‘कुंकू’ व ‘दुनिया न माने’ (१९३७), ‘माणूस’ व ‘आदमी’ (१९३९), ‘शेजारी’ व ‘पडोसी’ (१९४१) या जोड्याहि तशाच. तेव्हां हिंदी चित्रपटगीतांच्या आरंभकाळाचा शोध घेणारास मराठी घरांतील कपाटें उघडल्यावांचून गत्यंतर नाहीं, व मराठी संग्राहकानेंहि हिंदी तबकडी परकी मानून चालणार नाहीं.

(८) मेळाव्यांत दोषहि आहेत, ते झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. अमुक गायक श्रेष्ठ कीं तमुक, या वादांत पुष्कळ वेळ जातो. वृद्धांची आठवण आदरानें ऐकली जाते, पण ती तपासली जात नाहीं, व एकदां भरसभेंत सांगितलेली आख्यायिका पुढें पुरावा म्हणून फिरूं लागते. कांहीं संग्राहक आपली वस्तु ऐकवितात पण क्रमांक वाचूं देत नाहींत. या गोष्टी टाळण्यासाठीं पुढील नियम पाळले जावेत असें सुचवावेसें वाटतें. तबकडी लावण्यापूर्वीं चकतीवरील मजकूर व साच्याचा क्रमांक मोठ्यानें वाचावा व दोहोंचें छायाचित्र घ्यावें. नक्कल करतांना गति नोंदवावी. तबकडीवर छापलेलें कोणतें, चोपडींतलें कोणतें व आठवणींतलें कोणतें, हें वेगळें लिहावें. आठवण सांगणारास त्यानें तें गाणें कोणत्या गांवीं, कोणत्या सालीं व कशावर ऐकलें हें विचारावें. ज्या गायकाचें नांव निश्चित होत नाहीं तेथें तर्कानें नांव न घालतां जागा कोरी सोडावी.

(९) हें सर्व त्वरेनें होणें अवश्य आहे. १९३०-४० च्या दशकांतील बोलपट चित्रपटगृहांत बसून ऐकलेली पिढी बहुतेक सरली आहे. संग्राहक निवर्तला कीं त्याच्या पेट्या वारसांस अडगळ वाटतात. त्यांतील तबकड्या जुन्या बाजारांत सुट्या विकल्या जाऊन सबंध संग्रह फुटतो, आणि कोणती तबकडी कोणत्या गांवाहून, कोणाकडून आली ही माहिती त्याबरोबरच नाहींशी होते. राजवाड्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड काढिला, तेव्हां मोडी कागदांची हीच अवस्था होती. जे वांचले ते गांवोगांव हिंडून, लोकांच्या घरीं जाऊन बसणारांमुळें वांचले. ज्या वाचकांच्या घरीं अगर माहितींत जुन्या तबकड्या किंवा चित्रपटपदांच्या चोपड्या असतील त्यांनीं निदान त्यांची यादी, चकतीवरील व साच्याच्या क्रमांकांसह, करून ठेवावी व तिची एक प्रत एखाद्या संस्थेच्या दफ्तरीं द्यावी. वस्तु मालकाकडेच राहो. परंतु ती कोठें आहे एवढें कळलें, तरी जाऊन ऐकणारे व टिपून घेणारे लोक आजहि आहेत, आणि ते हातीं पेटी घेऊन कोठवरहि येण्यास तयार आहेत.