लिस्टरची पाल

जावाच्या दक्षिणेला, हिंदी महासागरात, ख्रिसमस बेट आहे. अवघे १३५ चौरस किलोमीटर. १८८७ मध्ये 'एजेरिया' हे ब्रिटिश सर्वेक्षण जहाज तिथे थांबले. जहाजावरचे निसर्ग-अभ्यासक जोसेफ लिस्टर यांनी गोळा केलेल्या जीवांत झाडावर राहणारी एक इवलीशी तपकिरी पाल होती. ब्रिटिश म्युझियमच्या बूलेंजर यांनी तिला लिस्टर यांचेच नाव दिले. बेटावरच्या खडकांत फॉस्फेट सापडले होते. १८८८ मध्ये ब्रिटनने बेट ताब्यात घेतले. खाणी आल्या, जहाजांची ये-जा वाढली. मांजरे आली, काळे उंदीर आले. पाल तरीही टिकून होती.

१९८७ मध्ये बेटावर एका परक्या सापाची नोंद झाली. बहुधा मालासोबत आलेला. या सापाची माहिती वाचताना मी थबकलो, कारण तो आपल्या कवड्याचा सख्खा भाऊबंद निघाला. कोकणातल्या आमच्या घरात कवड्या वाशांवरून फिरायचा, पाली खायचा. बिनविषारी बिचारा, तरी मण्यार समजून मारला जायचा. आपल्याकडच्या पालींना पिढ्यान्‌पिढ्या त्याची सवय. लिस्टरच्या पालीच्या पूर्वजांनी असा शत्रू कधी पाहिलाच नव्हता. ऱ्हासाचा मुख्य संशय या सापावरच आहे. गंमत अशी, की जहाजांतूनच तिथे पोचलेली, आपल्या भिंतींवर दिसते तीच घरपाल त्याच्या शेजारी मजेत नांदते आहे.

स्थानिक सरडगुंड्या आणि पाली घटत होत्या, पण संशोधकांच्या मनात शंकेची पाल चुकचुकून कृती होईपर्यंत वीसेक वर्षे गेली. ऑगस्ट २००९ मध्ये बेटावरचे चिमुकले वटवाघूळ पकडायला माणसे पोचली, तेव्हा ध्वनिग्राहकावर एकाचाच आवाज येत होता. २६ तारखेच्या रात्रीनंतर तोही थांबला. मला वाटते, पालीला वाचवले ते या धक्क्याने. पुढच्या काही महिन्यांत ४३ पाली पकडून बंदिस्त जागेत ठेवल्या गेल्या. जंगलात ती शेवटची दिसली २०१२ मध्ये.

आज लिस्टरची पाल बेटावरच्या पैदास केंद्रात आणि सिडनीच्या टारोंगा प्राणिसंग्रहालयात वाढते आहे. सगळ्या त्या ४३ जणींच्या वंशातल्या. कुंपणापलीकडे तिचे जंगल तसेच उभे आहे. कवड्याचा भाऊबंदही तिथेच आहे.