जुन्या वाइसचे पार्ट कसे शोधायचे? मोबाईलपासून लेथपर्यंत सगळी माहिती

वर्कशॉपच्या टेबलाला बोल्टने बसवलेला, काम घट्ट पकडून ठेवणारा बीडाचा जबडा म्हणजे बेंच वाइस. पुस्तकी मराठीत त्याला शेगडा म्हणतात. आमच्या जवाहरनगरात १९६० च्या दशकात आयुध निर्माणी उभी राहिली. माझे आजोबा तिथे फिटर होते आणि घरच्या कामांसाठी त्यांनी एक वाइस विकत घेतला होता. आता तो माझ्याकडे आलाय. हँडल फिरतं, पण जबडा आवळत नाही.

भंगारवाला असा वाइस वजनावर घेऊन जाईल. पण मित्रांनो, घाई करू नका. जुन्या वाइसची बॉडी सहसा ठणठणीत असते, झिजतात ते दोन-तीन छोटे पार्ट. अडचण एवढीच, की मोबाईलचा डिस्प्ले जसा मॉडेल नंबर टाकून मिळतो, तसे हे पार्ट मिळत नाहीत. जुन्या वाइसची मापं हाच त्याचा पार्ट नंबर.

१. आधी बिघाड ओळखा

- हँडल फिरतं, पण जबडा घसरतो किंवा आवळत नाही: बॉडीच्या आतला नट झिजलाय. नट मुद्दाम स्पिंडलपेक्षा मऊ धातूचा करतात, म्हणजे आधी स्वस्त पार्ट झिजतो.
- हँडल उलटं फिरवलं की स्पिंडल बाहेर येतो, जबडा मात्र जागेवरच राहतो: स्पिंडलची कॉलर, वॉशर किंवा पिन तुटली आहे.
- काम पकडूनही सरकतं: जबड्यावरच्या पट्ट्यांचे दाते गेलेत.
- बॉडीलाच तडा गेलाय: इथे थांबा. बीडाला वेल्डिंग करता येतं, पण जोर पडल्यावर ते टिकेलच याची खात्री नसते.

सरकता जबडा बाहेर काढताना खालून हात किंवा लाकडी ठोकळा लावा. तो चांगलाच जड असतो.

२. मोबाईलने नाव शोधा

बॉडीवरची अक्षरं गंज आणि रंगाखाली दबलेली असतात. तारेच्या ब्रशने जागा साफ करा, उठावाच्या अक्षरांवर खडू घासा, आणि बाजूने तिरका उजेड पाडून फोटो काढा. मग गूगल लेन्स वापरा. अक्षरं वाचता आली तर कंपनी आणि मॉडेल सापडू शकतं.

पण बॉडीवरच्या आकड्याला आकार समजू नका. उदाहरणार्थ, शेफील्डच्या रेकॉर्ड कंपनीच्या ३ नंबरच्या वाइसचा जबडा ४ इंची असतो. वाइसचा आकार म्हणजे जबड्याची रुंदी, आणि ती पट्टीने मोजायची.

३. मापं घ्या, पण अ‍ॅपने नको

कॅमेऱ्यातून अंतर मोजणारी अ‍ॅप्स अंदाज बांधतात. खोलीची लांबी मोजायला ती ठीक आहेत, आट्यांसाठी अजिबात नाहीत. इथे स्टीलची पट्टी आणि व्हर्नियर कॅलिपर लागतोच.

स्पिंडलच्या एका आट्याच्या माथ्यावर पट्टीचा शून्य ठेवा आणि दहा आटे पुढचा माथा कुठे येतो ते बघा. ६० मिलिमीटर आले तर पिच ६ मिलिमीटर, म्हणजे मेट्रिक. ६३.५ आले तर इंचाला ४ आटे. एकाच आट्यावर हा फरक जेमतेम ०.३५ मिलिमीटरचा असतो, म्हणून दहा मोजायचे. माझ्या वाइसला ६३.५ आले. भारतात मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ साली झाला, पण इंची आटे त्यानंतरही बरीच वर्षं चालू राहिले.

आट्याचा आकारही बघा: चौकोनी आहे की वर निमुळता? उजेडासमोर धरून बाजूने फोटो काढा. फोटो थोडा लांबून, झूम करून घ्या आणि पट्टी त्याच फ्रेममध्ये ठेवा. फार जवळून काढला तर आकार वाकडा दिसतो.

पट्ट्यांसाठी लांबी, उंची, जाडी आणि दोन भोकांमधलं अंतर लागतं. दोन्ही भोकं सारखी असतील तर एकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजा, मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर तेच. आणि स्क्रू जबरदस्तीने पिळू नका. ५/१६ इंची आणि ८ मिलिमीटरचा स्क्रू दिसायला जवळपास सारखाच असतो, पण त्यांची पिच वेगळी असते. चुकीचा घातला तर बीडातले आटेच जातील.

४. कुठे शोधायचं?

इंडियामार्टवर नट, स्पिंडल आणि पट्ट्या शोधता येतात. विक्रेत्याला नुसता वाइसचा फोटो न पाठवता मापंही पाठवा. प्रत्यक्ष बघायचं तर मुंबईची नागदेवी स्ट्रीट हत्यारांसाठी प्रसिद्ध आहे आणि पुण्याच्या जुन्या बाजारात सुट्या पार्टसाठी मोडका वाइसही हाती लागू शकतो. आमच्या भागातल्या लोकांना नागपूरची इतवारी जवळ.

५. नाहीच मिळालं तर बनवून घ्या

लेथवाल्याकडे जाताना फक्त फोटो नको, स्पिंडल आणि जुना नट दोन्ही न्या. स्पिंडलचे आटे चांगले असतील तर त्यावर बसेल असा गनमेटलचा नट कापून मिळतो. माझं काम नागपुरात असंच झालं. स्पिंडलचे आटे धारदार, पातळ झाले असतील तर मात्र जोडीच बनवा, नाहीतर नवा नटही लवकर झिजेल.

लेथवाल्याकडे जाण्याआधी एखाद्या निवृत्त फिटर किंवा टर्नर काकांना पार्ट दाखवा. जवाहरनगर, ठाणा परिसरात असे लोक आहेत. आटा किती झिजलाय हे ते बोट फिरवून सांगतात. लेन्सला ते अजून जमत नाही. ही माणसं आहेत तोवर विचारून घ्या आणि ती सांगताना फोनवर रेकॉर्ड करून ठेवा.

शेवटचं काम पाच मिनिटांचं. सगळी मापं, फोटो आणि नट कोणत्या धातूचा केला ते एका कागदावर लिहा. एक प्रत ड्राइव्हवर ठेवा आणि एक प्लॅस्टिकमध्ये घालून वाइसच्या टेबलाच्या खणात. फोन दोन-तीन वर्षांत बदलेल, पण हा वाइस तुमच्यानंतरही कोणाच्या तरी हातात असेल.