कर्णा, जाते आणि घरातले ध्वनिमुद्रण

घरच्या घरी आवाज मुद्रित करण्याची विद्या ही संगणकाची देणगी समजली जाते. तिचा पहिला धडा मात्र शंभर वर्षांहून जुना आहे. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गाइसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जानचे गाणे मुद्रित केले, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायिकेने कर्ण्यासमोर तोंड धरून गायचे. आवाजाने पडदा थरथरे आणि त्याला जोडलेली सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरी. आवाज वाढवण्या-घटवण्याची कळ नसल्याने ते काम कलावंताच्या देहालाच करावे लागे : तारस्वरात मागे सरायचे, खर्जात पुढे यायचे, आणि सारे सुमारे तीन मिनिटांत आटोपायचे. आज शिकवणारा विद्यार्थ्याला मायक्रोफोनपासून वीतभर दूर बसवतो, ‘प’, ‘फ’, ‘भ’ यांचा वारा थेट आत जाऊ नये म्हणून तोंड किंचित तिरके धरायला लावतो; ते याच अंतराचे शास्त्र होय.

अल्लादिया खाँ आणि भास्करबुवा बखले यांच्या गाण्याची मुद्रिका उपलब्ध नाही. बुवांचे गाणे आपण बालगंधर्व, मास्टर कृष्णराव यांच्या तबकड्यांत शोधतो आणि उरलेले आठवणींवर सोपवतो. तरी बुवांच्या गाण्याची आठवण लिहून ठेवणारे होते. वऱ्हाडातल्या पहाटे जात्यावर बसणाऱ्या बाईचे तसे कोणी नव्हते. १९२५ नंतर विजेवरचे ध्वनिमुद्रण आले, मायक्रोफोनला हळुवार आवाजही ऐकू येऊ लागला. परंतु कंपनी तिच्या दारी आली नाही, कारण ती बाजारातली गायिका नव्हती आणि गिऱ्हाईकही नव्हती. पुढे विजेची चक्की आली व ओवीचा प्रसंगच सरला. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आणि १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्यासह त्यांतल्या कित्येक मुद्रितही केल्या, हे मराठीवरचे मोठे ऋण आहे.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात हे काम घरोघरी होऊ शकते. घाटावरच्या आणि घाटाखालच्या बोलण्याची ढब वेगळी. वऱ्हाडीत ‘ळ’ चा ‘य’ होतो : डोळा म्हणजे ‘डोया’, जवळ म्हणजे ‘जवय’. कागदावर उतरवणारा शिकलेला नातू हे नकळत ‘शुद्ध’ करून टाकतो; ध्वनिमुद्रण करत नाही. साधनेही फारशी लागत नाहीत. पंखा बंद, भिंतीवर दोन गोधड्या, बरा मायक्रोफोन, आणि २००० सालापासून विनामूल्य मिळणारी ऑडासिटी.

अडचण त्यापुढे सुरू होते. ऑडासिटीला शांत क्षणाचा नमुना दिला की ती त्यातली खरखर ओळखते आणि सबंध मुद्रणातून कमी करते. हात सैल सुटला तर ‘स’, ‘श’ यांची धारही जाते, स्वराची शेपटी तुटते. जात्याची घरघर तर यंत्राच्या लेखी निव्वळ गोंगाट! नवशिक्या विद्यार्थी ती पुसून टाकतो आणि आजीला म्हणतो, “आता नीट बोलून पुन्हा म्हण.” कर्ण्याला मंद आवाज ऐकूच येत नव्हता, आपण ऐकू आलेला घालवतो.

मराठीच्या अभ्यासकाला हा प्रश्न अनोळखी नसावा. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ते काम थोरच होते. तरीही त्याआधीच्या पाठासाठी अभ्यासक अजून हस्तलिखिते धुंडाळतात. ध्वनीची सफाई हे पाठसंपादनच आहे, आणि ते तसेच शिकवले पाहिजे. पहिले मुद्रण हात न लावता ठेवायचे, सफाई प्रतीवर करायची, काय वगळले ते टिपून ठेवायचे. म्हणणारीचे नाव, गाव, तारीख तिच्या संमतीने नोंदवायची. मग दोन्ही प्रती तिला ऐकवून विचारायचे, “आजी, यातली तुमची कोणती?” घरघर असलेली तिने निवडली, तर तीच पुढे द्यायची, आणि लिहून घेताना ‘डोया’ असेच लिहायचे.