श्रावणातली कान्हेरी, सन १८०

पाऊस लागून राहिलाय, रविवार मोकळा आहे आणि तुम्हाला धबधबा बघायचाय. नेरुळहून जवळचा म्हणजे खारघरचा पांडवकडा, १०७ मीटरवरून कोसळणारा. पण तिथे माणसं बुडाली आहेत, वनखातं पावसाळ्यात बंदी घालतं आणि ती बंदी पाळायचीच. म्हणून बेत कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांचा करा. नेरुळहून हार्बरनं कुर्ला, कुर्ल्याहून दादर, दादरहून बोरिवली. पूर्वेला उतरून थोडं चाललं की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं फाटक लागतं. तिथून लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटरचा डांबरी रस्ता आहे, आजी-आजोबांनाही सावकाश झेपेल असा. वर दोन टेकड्यांच्या मधून ओढा उतरतो आणि पावसाळ्यात त्याचेच टप्प्याटप्प्यानं धबधबे होतात.

वार ठरला, डबा ठरला, गाडी ठरली. आता फक्त साल बदला. सन १८० च्या आसपासचा श्रावण घ्या. सातवाहनांचं राज्य आहे आणि गादीवर यज्ञ श्री सातकर्णी आहे.

तुम्ही नेरुळलाच उभे आहात, पण पायाखाली चिखल आहे आणि समोर तिवरांचं रान. नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन होईल १९७० साली, वाशीजवळ ठाण्याच्या खाडीवर पहिला रस्त्याचा पूल होईल १९७३ साली. आज पलीकडे जायचं तर होडी हवी आणि होडीला भरती हवी. ओहोटीला निघालात तर अर्ध्या वाटेत गाळात रुताल, तेव्हा घाई करू नका. किनाऱ्यावरचा माणूस पाण्याकडे नजर टाकून वेळ सांगेल ती ऐका. डोक्यावर इरलं घ्या, कमरेला चिवड्याऐवजी भाजलेल्या धान्याची पुरचुंडी बांधा. पाण्याची चिंता नको, ते वर मिळणार आहे.

पलीकडे उतरल्यावर पश्चिमेला जंगलात शिरा. एकटे जाऊ नका. बिबट्या या रानात आजही आहे, पण या श्रावणात वाघसुद्धा आहे. कल्याणहून आलेले दोन व्यापारी त्याच वाटेला लागलेत, त्यांची सोबत धरा. एरवी त्यांना क्षणाची उसंत नसते. कल्याण आणि सोपारा ही मोठी बंदरं, माल थेट समुद्रापार जाणारा. पण पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, व्यापार थंडावतो. मग देवाधर्माच्या कामाला सवड मिळते.

वाट एका रुंद दरीतून जाते. ही दरी ओळखून ठेवा. इथे १८६० साली विहार आणि १८७९ साली तुळशी तलाव बांधून होईल आणि मुंबई हे पाणी पिऊ लागेल. आत्ता इथे नुसते ओहोळ आहेत, गुडघाभर गवत आहे, दगडाखाली सरकणारे खेकडे आहेत. पावशा ओरडतोय. कारवीची दाट बेटं भिजून काळपट हिरवी झालीत.

चढ लागला की आधी कानावर छिन्नीचा आवाज पडतो. चैत्यगृहाचं काम चाललंय. कार्ल्याच्या चैत्याचा नमुना समोर ठेवून दोन व्यापारी भावांनी ते करायला घेतलंय. आत डोकावलात तर काही खांबांवर हत्ती आणि माणसं उमटलीत, काही खांब अजून कोरे आहेत. ते तसेच राहणार आहेत, तुमच्या रविवारीही तुम्हाला ते कोरेच दिसतील. ओसरीतल्या दोन्ही बाजूंच्या उंच बुद्धमूर्ती शोधू नका. त्या कोरल्या जायला अजून काही शतकं आहेत.

आणि मग सर येते. एका भिक्षूच्या लेण्यात आसरा घ्या. वर्षावास चालू आहे. पावसाळ्याचे महिने भिक्षूंनी एका जागी राहायचं असा नियम असल्यामुळे सगळी टेकडी माणसांनी भरलेली आहे. खोली साधीच आहे: ओसरी, आत निजायला दगडी ओटा. तुम्ही ओसरीच्या कडेला बसा आणि उजवीकडे खाली बघा. जमिनीच्या पातळीवर चौकोनी तोंडाचा हौद आहे. त्याला पोढी म्हणतात. काठावर छिन्नीचे तिरपे घाव एकाखाली एक दिसतात. आत पाणी काळं दिसतं, कारण ते खोल आहे आणि त्यावर ऊन पडत नाही. कातळाच्या उतारावर बोटभर खोल चर खोदलाय. वरून पडलेलं पाणी त्या चरातून वळसा घेऊन सरळ पोढीत उतरतं. सर वाढते तशी त्या चरातली धार जाड होते, आणि तुमच्या लक्षात येतं की डोक्यावरच्या अख्ख्या टेकडीला असे चर आहेत. बहुतेक प्रत्येक लेण्याला स्वतःची पोढी आहे. खालच्या ओढ्यावर बांधही घातला जाईल. त्याचे अवशेष तुमच्या काळापर्यंत टिकतील.

म्हणजे तुम्ही ज्या धबधब्यासाठी एवढे चालून आलात, ते या लोकांच्या हातून निसटलेलं पाणी आहे. अडवता आलं तेवढं त्यांनी अडवलं, उरलेलं ओढ्यात गेलं. भर पावसात बसून ते चैत्र-वैशाखाची सोय करत होते.

खर्च कुणी केला हे भिंतीवर ब्राह्मी अक्षरांत लिहिलेलं आहे. एक पोढी कल्याणच्या सोनारानं दिली, एक सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यानं. कुणी मागाठाण्यातलं शेत संघाला लावून दिलं. आज त्याच नावाचं मेट्रो स्टेशन आहे. राजाच्या नावाचा गाजावाजा इथे फार नाही. ज्यांच्या गाठीला थोडे पैसे होते त्या साध्या धंदेवाल्या माणसांनी दगडात पाण्याची टाकी खोदून दिली आणि नाव कोरून ते घरी गेले.

परतीच्या वाटेवर एक मुक्काम घ्या, सन १००९. उत्तर कोकणात शिलाहारांची सत्ता आहे. ९० क्रमांकाच्या लेण्यात काही पारशी मंडळी आली आहेत आणि भिंतीवर पहलवी लिपीत आपली नावं आणि तारीख कोरताहेत. पुन्हा १०२१ साली त्यांच्यातले आणखी काही जण येतील. आपली लेणी नाहीत, आपला धर्म नाही, तरी ही माणसं डोंगर चढून बघायला आली. त्यांनी निवडलेला काळही नेमका आहे, ऑक्टोबर-नोव्हेंबर. पाऊस सरलेला, वाट कोरडी झालेली, पोढ्या भरलेल्या. तुमच्या घरात लहान मुलं किंवा गुडघे दुखणारं कुणी असेल तर तुम्हीही हाच काळ धरा. धबधबा बारीक झालेला असेल, पण पाय घसरणार नाही.

श्रावणातच जायचं असेल तर सकाळी लवकर निघा. ओढ्याच्या पात्रात उतरू नका, वर टेकडीवर सर आली की पाणी बघता बघता चढतं. शेवाळलेल्या कातळावर रबरी सपाता घालून चढू नका. माकडांना खाऊ देऊ नका, प्लास्टिक नेऊ नका. भिंतीवर नाव कोरायचा हक्क त्या पारशी मंडळींबरोबर संपला असं समजा. लेण्यांत शिरलात की मूर्तींच्या आधी पायाकडे बघा. चर शोधा, तो कुठून निघतो आणि कुठे पोचतो ते बोट धरून मुलांना दाखवा. एका चराचा माग लागला की डोंगर कळायला लागतो.

आणि घरी आल्यावर एक काम करा. नवी मुंबईच्या नळाला मोरबे धरणाचं पाणी येतं आणि मार्च उजाडला की आपण धरणात किती उरलं ते पेपरात शोधतो. सोसायटीच्या पुढच्या सभेत गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याचा विषय काढा. गच्चीचं पाणी पाइपानं वळवून टाकीत किंवा शोषखड्ड्यात सोडायचं, एवढंच ते काम आहे. छिन्नी-हातोडी घेऊन ज्यांनी हे कातळात केलं त्यांच्यापेक्षा आपल्याला ते कितीतरी सोपं आहे. वर्गणी लागेल. कल्याणच्या सोनारानं दिली होती, आपणही देऊ.